झाकणाच्या आत

मे संपता संपता बर्फ मागे सरकतो
आणि कुरणावर निघालेली माणसं
नारीनच्या बाजारातून माझ्या दुकानाशी येतात.
पीठ, मीठ, चहा, दोर घेऊन झालेला असतो.
औषधं सगळ्यात शेवटी,
उरलेल्या सुट्ट्या पैशांत.

बुरुल आपाकडे या वेळी यादी होती,
भाच्यानं बिश्केकहून पाठवलेली.
टाके घालायच्या वाकड्या सुया. शस्त्रक्रियेची पाती.
सलाइनच्या सहा बाटल्या.
घशात घालायची एक नळी.
मी चष्मा काढला.
आपा, हे वापरणार कोण?

असू दे गं, म्हणाली, जवळ असलेलं बरं.

या तीन शब्दांवर माझं दुकान चालतं, खोटं कशाला बोलू.
पण सोन-कुलच्या काठावरून दवाखाना
घोड्यावर पाच तास,
आणि अर्ध्या रात्री, कंदिलाच्या उजेडात,
न शिकलेल्या हाताला वाकडी सुई दिली
तर आधी तो हातच कापतो.

मागच्या उन्हाळ्यात काय काय झालं, सांग.

तिनं बोटं मोजली.
नव्या बुटांनी टाचेला फोड.
लोकर कातरताना धाकटीचा अंगठा.
एका पाहुण्याला तीन दिवस जुलाब,
तट्टानं पाडलं, सतारबेकचं मनगट,
आणि एमिलच्या मांडीवर उकळतं दूध.

दुधावर काय लावलंत?

ती काउंटरवरची धूळ पुसू लागली.
मेंढीच्या शेपटीची चरबी. आई लावायची.

मी गप्प राहिले. माझीही लावायची.

मग आम्ही यादी उलटी केली आणि पाठीवर लिहू लागलो.
रुंद पट्ट्या, रक्त दाबून धरायला.
तिकोनी कापड, मनगट गळ्यात अडकवायला.
स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची गुंडाळी,
ती पाहून आपा हसली,
मी नाही हसले: भाजलेल्या कातडीला ती चिकटत नाही.
मीठ-साखरेची पाकिटं दहा.
लिटर कसा मोजणार? तिनं कुमिसची बरणी आणली,
मी नखाच्या लाल रंगानं तिच्यावर रेघ मारली.
तापाचं औषध. नातवाचं वजन किती?
दोन कोकरं, म्हणाली, आणि वर थोडं.
तेवढ्यावर औषध देता येत नाही आपा,
त्याला धान्याच्या काट्यावर उभा करून ये.
हातमोजे. चिमटा. टोकाला बोथट कात्री,
जिनं कुणी दोरा कापला तर त्याची गय नाही
(हे आपाचे शब्द, मी फक्त मान डोलावली).

डब्यात मावेना ते एवढंच उरलं:
वीस मिनिटं वाहतं गार पाणी. चरबी नाही.
ते झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलं,
आणि पेन्सिल डब्यातच ठेवली.

वरवरच्या कामाला लोक मलमपट्टी म्हणून हिणवतात.
मी तीस वर्षं तेच विकते आहे.
खोल काम करणारे हात खाली, पाच तासांवर आहेत;
तोवर कुणीतरी वरवरचं नीट करायला हवं.

सप्टेंबरात आपा परत आली, डबा घेऊन.
पाकिटं तीन उरली होती. कात्री नव्हती,
त्याबद्दल ती बोलली नाही.
झाकणाच्या आत माझ्या ओळीखाली तिचं वेडंवाकडं अक्षर:
एमिल, कोपर, पडला, दुपारी चहाआधी.
पाहुणी बाई, विस्तव, हात. पाणी. मोजून वीस.
आणि माझ्या ‘चरबी नाही’खाली
दोन जाड रेघा, कागद फाटेल इतक्या दाबून.

जाता जाता म्हणाली,
त्या वाकड्या सुया मी दुसरीकडून घेतल्याच होत्या.
माझा चेहरा पाहून घाईनं पुढे म्हणाली,
वाऱ्यानं तंबूचं नमदा उसवलं ना गं,
असा टाका बसतो त्यांनी,
दुसऱ्या कुठल्या सुईनं नाही बसत.